बॅबिलोनचा विवाहबाजार आणि लंडनचे प्रेक्षक

१८७५ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात एडविन लाँग या इंग्रज चित्रकाराचे ‘द बॅबिलोनियन मॅरेज मार्केट’ हे भव्य तैलचित्र झळकले आणि गाजले. प्राचीन बॅबिलोनमध्ये उपवर मुलींचा लिलाव चालला आहे, असा त्याचा विषय. चौथऱ्यावर उभ्या असलेल्या मुलीची आपल्याकडे पाठ आहे. तिच्या चेहऱ्यावरचे वस्त्र दूर केले जात आहे आणि समोरचे गिऱ्हाईक तिला न्याहाळत आहे. चौथऱ्याच्या अलीकडे, अगदी आपल्यासमोर, बारा मुली पाळीची वाट पाहत ओळीने बसल्या आहेत. ही ओळ सौंदर्याच्या क्रमाने लावलेली आहे. डावीकडे सर्वांत देखणी, उजवीकडे सर्वांत कुरूप ठरवलेली. डावीकडे वर्ण उजळ आहे, उजवीकडे तो सावळा होत जातो.

ही कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात त्याने लिहिले, की बॅबिलोनच्या गावोगावी वर्षातून एकदा असा लिलाव होत असे. देखण्या मुलींना श्रीमंत लोक बोली लावून नेत. त्यातून जमलेला पैसा कुरूप मुलींना हुंडा म्हणून दिला जाई आणि गरीब माणूस तो घेऊन त्यांच्याशी लग्न करी. हिरोडोटसने या प्रथेची निंदा केलेली नाही. उलट, बॅबिलोनी लोकांची ही सर्वांत शहाणपणाची चाल होती, असे त्याने म्हटले आहे. ती आपल्या काळात उरलेली नाही, हेही त्याने नोंदवले. शिवाय इलिरियातील एनेती लोकांतही ती होती, असे ऐकल्याचे तो सांगतो. इलिरिया म्हणजे एड्रियाटिक समुद्राकाठचा युरोप! लाँगने मात्र युरोपचा हा किनारा सोडून दिला आणि बॅबिलोन उचलले.

चित्र खरे वाटावे म्हणून त्याने कष्ट कमी घेतले नाहीत. लेयार्डने १८४५ ते १८५१ या काळात निमरूद आणि निनेव्हे येथे उत्खनन करून आणलेली शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये होती. त्यांवरून त्याने वेशभूषा, दागिने आणि नक्षी घेतली. पण ती सामग्री उत्तरेकडच्या असिरियाची. खुद्द बॅबिलोनचे पद्धतशीर उत्खनन जर्मन संशोधक कोल्डेवेय याने १८९९ मध्ये सुरू केले. म्हणजे तपशील पुराव्याचे आणि प्रसंग ऐकीव. तपशिलांच्या खरेपणामुळे ऐकीव प्रसंगही खरा वाटू लागतो. जॉन रस्किनसारख्या समीक्षकाने तर हे चित्र मानववंशशास्त्राच्या संस्थेने विकत घ्यावे, असे सुचवले होते!

बॅबिलोनच्या मातीच्या पाट्या काही वेगळेच सांगतात. त्या काळचे चाळीसहून अधिक विवाहकरार आज अभ्यासकांपुढे आहेत. त्यांत मुलीचा बाप, भाऊ किंवा आई बोलणी करते. हुंड्यात काय दिले याची नोंद होते, साक्षीदारांची नावे येतात. लिलाव कुठेच आढळत नाही.

मग लंडनचे प्रेक्षक कशात रमले होते? आपल्याकडे असले काही नाही, हे समाधान त्यात नक्कीच होते. पण त्यांच्याच शहरात उच्चभ्रूंच्या लग्नसराईला ‘विवाहबाजार’ असे उपहासाने म्हटले जाई. १८७० पूर्वी इंग्लंडमध्ये लग्न होताच स्त्रीची कमाई आणि जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होई. स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क विवाहितेला १८८२ च्या कायद्याने मिळाला. त्याच वर्षी हे चित्रही लिलावात निघाले! गोळ्या आणि मलमे विकून गबर झालेल्या थॉमस हॉलोवे यांनी ते ६,३०० गिनींना घेतले. हयात ब्रिटिश चित्रकाराच्या चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती. त्यांनी ते ठेवले कुठे? स्त्रियांसाठी बांधलेल्या आपल्या कॉलेजात! १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याचे उद्‌घाटन केले. शिकायला आलेल्या मुलींना लिलावात बसलेल्या मुली रोज दिसू लागल्या.

एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’नंतर अशी चित्रे पाहण्याची नजर आपल्याला मिळाली. पूर्वेची स्त्री म्हणजे विक्रीची वस्तू, ही प्रतिमा कशी घडवली गेली ते कळले. इस्लामने पत्नीची मालमत्ता तिचीच मानली आणि मेहर तिचा हक्क ठरवला. व्हिक्टोरियन इंग्लंडच्या कितीतरी शतके आधी! हा दाखला आपण अभिमानाने देतो आणि तो खरा आहे. पण तेवढ्यावर थांबणे सोयीचे होईल. आपल्या निकाहनाम्यात मेहरचा आकडा लिहिला जातो आणि पुष्कळदा लिहिलेलाच राहतो. हुंडा, गाडी, फर्निचर यांचा हिशेब मात्र निकाहाआधीच चुकता होतो. १९६१ चा हुंडाबंदी कायदा आणि शरीयत, दोन्ही त्या वेळी कुणाला आठवत नाहीत. स्थळाच्या जाहिरातीत ‘गोरी, उंच, घरकामात तरबेज’ असे छापून येते आणि सावळ्या मुलीच्या बापाला जास्त रक्कम मोजावी लागते.

लाँगच्या चित्रात उजव्या टोकाची मुलगी तोंड हातांनी झाकून बसली आहे. बॅबिलोनमध्ये ती नव्हती, असे इतिहास सांगतो. आपल्या मोहल्ल्यात ती नाही, असे आपल्याला म्हणता येईल का?