तोतया पुत्र आणि खरी माता

मराठी वाचकांस तोतयाची कथा नवी नाहीं. पानिपतच्या रणांगणावरून १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ परतले नाहींत. पुढें 'मीच भाऊ' म्हणणारा एक मनुष्य निघाला आणि अखेर १७७६ सालीं त्यास देहान्त शासन झालें. तेथें तोतयास तोतया ठरविण्याचें काम सरकारनें केलें. परंतु सरकारी अधिकाऱ्यांनींच तोतया आणून आईच्या पदरांत घालावा, आणि 'हा माझा मुलगा नव्हे' म्हणणाऱ्या त्या आईलाच वेडी ठरवावें, असाही एक प्रसंग इतिहासांत आहे. तो अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं १९२८ सालीं घडला. क्लिंट ईस्टवुड यांनीं २००८ सालीं काढलेला 'चेंजलिंग' हा बोलपट याच प्रसंगावर आधारलेला आहे. पऱ्या माणसाचें मूल पळवून त्याच्या जागीं आपलें ठेवून जातात, अशी युरोपांत एक जुनी लोकसमजूत आहे. त्या बदललेल्या मुलास हें नांव आहे. अँजेलिना जोली यांनीं त्यांत उभी केलेली आई पुष्कळांनीं पाहिली असेल. आम्हांस येथें पाहावयाचा आहे तो त्या बोलपटामागील इतिहास; कारण दोहोंचा शेवट एकसारखा नाहीं.

ख्रिस्टीन कॉलिन्स ही टेलिफोनच्या कचेरींत नोकरी करून घर चालवीत असे. नवरा तुरुंगांत होता. घरांत ती आणि नऊ वर्षांचा वॉल्टर, एवढींच माणसें. १० मार्च १९२८ रोजीं वॉल्टर नाहींसा झाला. शोध लागेना, वर्तमानपत्रें पोलिसांवर तुटून पडलीं. अशा स्थितींत ऑगस्टमध्यें इलिनॉय प्रांतांत एक मुलगा सांपडला व त्यानें आपण वॉल्टर असल्याचें सांगितलें. पोलिसांचा जीव भांड्यांत पडला. मुलगा समोर येतांच आईनें तो आपला नव्हे असें स्पष्ट सांगितलें. तरी कॅप्टन जोन्स यांनीं 'कांहीं दिवस ठेवून तर पाहा' असा आग्रह धरून त्यास तिच्या घरीं पाठविलें! बाजारांतून आणलेला माठ झिरपतो कीं काय हें घरीं नेऊन पाहावें, तशी ही पोटच्या पोराची परीक्षा.

तीन आठवड्यांनीं ती माता परत आली. या वेळीं तिनें नुसतें आपलें हृदय पुढें केलें नाहीं. वॉल्टरच्या दातांचे वैद्यकीय दाखले आणि ओळखीच्या लोकांची साक्ष तिजजवळ होती. कागदावांचून कांहीं न मानणाऱ्या कचेरीस तिनें कागदच दाखविला. त्यावर उत्तर काय मिळालें? तिची रवानगी इस्पितळांतील वेड्यांच्या विभागांत झाली. गैरसोयीच्या माणसांस दूर करण्यासाठीं पोलिसांजवळ एक 'बारा क्रमांकाचें' कलम असे, तें तिला लावण्यांत आलें.

ती कोंडलेली असतांना त्या मुलानें खरें काय तें सांगितलें. तो आयोवा प्रांतांतील बारा वर्षांचा पोर. टॉम मिक्स या नटास भेटावें म्हणून हॉलिवुडास येण्याची त्याला हौस होती. ही कबुली झाल्यावरही ती माता आणखी दहा दिवसांनीं सुटली. खोटें क्षणांत नोंदलें जातें, आणि खऱ्यास दारें उघडून घेण्यास दहा दिवस लागतात, ही गोष्ट आमच्या मतें त्या सबंध प्रकरणाचें सार आहे.

यानंतर वाइनव्हिल गांवच्या एका कोंबड्यांच्या वाडीवरील भयंकर हत्याकांड उघडकीस आलें. तेथील गॉर्डन नॉर्थकॉट याच्या आईनें वॉल्टरच्या खुनाची कबुली दिली आणि १९२८ च्या शेवटच्या दिवशीं तिला जन्मठेप झाली. कबुलीमुळें खटला असा चाललाच नाहीं. गॉर्डन यास इतर तीन मुलांच्या खुनांबद्दल २ ऑक्टोबर १९३० रोजीं फांशी दिलें. त्यापूर्वीं ख्रिस्टीननें त्याची गांठ घेतली, पण त्यानें तिला सत्य सांगितलें नाहीं. वॉल्टरचें शव कधींच सांपडलें नाहीं. एक आई दुसऱ्या आईच्या मुलाच्या खुनाची कबुली देते, हा यांतील सर्वांत दारुण भाग; बोलपटानें तो अजीबात वगळला आहे.

बोलपटांत नगरसभेची चौकशी आणि खुनाचा खटला समांतर चालतात, अधिकारी निलंबित होतो, प्रेक्षक समाधानानें श्वास सोडतो. इतिहास इतका उदार नाहीं. १९३० सालीं न्यायालयानें जोन्सकडून तिला १०,८०० डॉलर देवविण्याचा हुकूम केला. ते तिला कधींच मिळाले नाहींत. १९४१ सालींही ती त्याच रकमेसाठीं, व्याजासह १५,५६२ डॉलरांकरितां, न्यायालयाचा उंबरठा झिजवीत होती. ज्यांच्या अमदानींत हें घडलें ते पोलीसप्रमुख डेव्हिस १९३३ सालीं पुन्हां त्याच पदावर आले. वाइनव्हिलनें मात्र १९३० सालींच नांव बदलून मीरा लोमा असें घेतलें. सर्वांनीं विसरण्याची सोय करून घेतली. विसरली नाहीं ती एकटी माता. १९६४ सालीं ती वारली, तोंवर मुलगा जिवंत असेल ही आशा तिनें सोडली नव्हती.

मग तिला न्याय मिळाला काय? अपराध्यास दंड हाच न्याय मानला, तर अर्धामुर्धा मिळाला. परंतु आम्हांस वाटतें, तिचें मागणें याहून साधें होतें: माझें म्हणणें खरें आहे, तेवढें लिहून घ्या. तें नगरसभेच्या चौकशीच्या जबान्यांत लिहिलें गेलें होतें. ते जुने कागद नष्ट होण्याच्या बेतांत असतां स्ट्रॅझिन्स्की या लेखकाच्या हातीं आले आणि त्यांतून या बोलपटाची कथा निघाली. सिनेमाच्या वेडानें आलेल्या पोरानें जिचें घर बळकावलें, तिची साक्ष ऐंशी वर्षांनीं सिनेमानेंच जगापुढें वाचली. न्यायालयाचा हुकूम वसूल झाला नाहीं. पण दप्तर जपून ठेवणाऱ्यानें तिचें देणें थोडेंसें तरी फेडलें, असेंच म्हटलें पाहिजे.