कुजबूज आणि हाक

माझी भाची शिकागोला असते. तिच्या शेजारी एक कृष्णवर्णीय बाई राहतात. त्यांच्या आईने उभे आयुष्य चर्चच्या गायकवृंदात गाण्यात घालवले. आता वय झाले, जिना उतरवत नाही, म्हणून मुलीच्या मनात आले की आईची गाणी घरच्या घरी मुद्रित करून ठेवावीत. मायक्रोफोन मिळाला, पण मायक्रोफोनमागे जी एक पेटी लागते, तिच्यापाशी सगळे अडले. त्या पेटीला प्रीॲम्प म्हणतात. दुकानदाराने दहा नावे सांगितली आणि दहा किमती. भाचीने मला विचारले, “मामा, तुला या यंत्रांचा नाद आहे. कोणता घ्यायचा, तूच सांग.”

उत्तर दोन ओळींचे होते. पण ते लिहायच्या आधी मी आठ दिवस या गाण्याच्या इतिहासात हरवलो, आणि त्या भटकंतीची हकिगत आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ती पेटी करते काय, ते सांगतो. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्प्रवाह फार दुबळा असतो. व्होल्टचे काही हजारांश, इतकाच त्याचा दाब. पुढच्या यंत्रांना साधारण एक व्होल्ट लागतो. म्हणजे शेकडो पटींनी, कधी हजार पटींनी, तो वाढवावा लागतो. हे पहिले वाढवणे प्रीॲम्पचे काम. त्यात भर पडलेला कचरा पुढे कोणालाही निवडून काढता येत नाही.

आणि गॉस्पेल हे गाणे असे की या पेटीची परीक्षाच पाहते. गायिका सुरुवात करते ती जवळजवळ पुटपुटत. मग टाळ्या सुरू होतात, समोर बसलेली मंडळी मध्येच दाद देतात, साद घालतात, आणि आपल्याकडे भजनात गजर चढावा तसा आवाज चढत चढत शेवटी आकाश फाडतो. त्या पुटपुटण्यात आणि त्या हाकेत विजेच्या मापाने शंभरपटीचे अंतर सहज पडते. दोन्ही एकाच तारेतून न्यायची असतात.

या गाण्याची मुळे गुलामांच्या गीतांत आहेत. १८७१ साली नॅशव्हिलच्या फिस्क शाळेची नऊ मुले-मुली ती गीते घेऊन दौऱ्यावर निघाली. शाळा डबघाईला आली होती, पैसा उभा करायचा होता. पुढे त्या कमाईतून ज्युबिली हॉल नावाची भक्कम इमारत उभी राहिली. त्यांचा आवाज मात्र आपल्याला ऐकायला मिळत नाही. १९०९ मध्ये व्हिक्टर कंपनीने याच संस्थेच्या गायकांच्या तबकड्या काढल्या, तेव्हा समोर उभे होते ते चार पुरुष. वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. होता तो कर्णा. कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि तार स्वर लागला की मागे सरायचे, नाहीतर सुई उडे. १९०२ साली गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे टिपले तेही असेच. त्या काळचा प्रीॲम्प म्हणजे गाणाऱ्याचे दोन पाय!

या कष्टातून सुटका केली ती निर्वात नळीने, म्हणजे व्हॉल्व्हने. डी फॉरेस्टने तिची पहिली आवृत्ती १९०६ मध्ये केली, १९१६ मध्ये वेंटने कंडेन्सर मायक्रोफोन बनवला, आणि १९२५ पासून व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्या विजेवर ध्वनिमुद्रण करू लागल्या. वेंटच्या मायक्रोफोनचा प्रवाह इतका क्षीण की वर्धक त्याला अगदी खेटूनच ठेवावा लागे. आजच्या पेटीचा हा पणजोबा.

त्याने लगेच काय साधले ते पाहा. ३ डिसेंबर १९२७ रोजी टेक्ससमधील डॅलस येथे कोलंबियाच्या लोकांनी ब्लाइंड विली जॉन्सन नावाच्या एका आंधळ्या रस्त्यावरच्या गवयाला मायक्रोफोनपुढे बसवले. त्या दिवसाच्या एका तबकडीवर शब्दच नाहीत. गिटार आहे, आणि ख्रिस्ताच्या अखेरच्या रात्रीचे दुःख सांगणारा हुंकार आहे. कर्ण्यापुढे तो हुंकार हवेत विरून गेला असता. विली १९४५ मध्ये दारिद्र्यात वारला. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून पृथ्वीचे संगीत अंतराळात पाठवले, त्यात हा हुंकार आहे. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर भैरवी गात आहेत. ताऱ्यांच्या वाटेवर दोघांची सोबत झाली खरी!

ज्याला आज गॉस्पेल म्हणतात, त्याला आकार आला तो शिकागोत. थॉमस डॉर्सी हा आधी मा रेनी या गायिकेच्या साथीला पियानो वाजवीत असे. १९३२ मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूलही गेले. त्या आघातातून त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचले. जुन्या वळणाच्या चर्चना हा बाजारी ठेका मुळीच रुचला नव्हता. सोवळ्याओवळ्याचे हे प्रकार सर्वत्र सारखेच दिसतात. डॉर्सीची गाणी घरोघर नेली महेलिया जॅक्सनने. १९४७ चे तिचे गाजलेले गाणे तबकडीच्या एका बाजूत मावेना, म्हणून दोन बाजूंवर तोडून घालावे लागले. ही महेलिया १९७१ मध्ये भारतातही गाऊन गेली.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते १९५६ चे डेट्रॉइट. तेथील न्यू बेथेल चर्चचे धर्मगुरू सी. एल. फ्रँकलिन. त्यांची चौदा वर्षांची मुलगी अरीथा पियानोवर बसून गाते आहे, आणि ते टिपून घेतो आहे कोण? रेकॉर्डांचा एक दुकानदार, जो व्हॉन बॅटल. स्टुडिओ नाही, काचेची खोली नाही. मुलगी तार स्वरात जाते तशा समोरच्या बायका ओरडतात, आणि सारे तबकडीत उतरते. सोळा वर्षांनी, जानेवारी १९७२ मध्ये, हीच अरीथा लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायली. चित्रपटवाल्यांनी पाटी वाजवून चित्र व आवाज जुळवण्याची खूण ठेवली नाही, म्हणून तो चित्रपट २०१८ पर्यंत डब्यात राहिला. आवाज मात्र शाबूत होता; त्याच वर्षी दोन तबकड्यांचा संच निघाला आणि लाखोंनी खपला. त्याच महिन्याच्या अखेरीस महेलिया वारली. तिच्या अंत्यविधीत डॉर्सीचे ते गीत अरीथानेच गायले.

पेट्यांची घराणी याच काळात तयार झाली. शिकागोतच स्टुडिओ काढलेल्या बिल पटनमचा १९६० च्या सुमाराचा व्हॉल्व्हचा ‘६१०’, इंग्लंडात रूपर्ट नीव्हचा १९७० चा ट्रान्झिस्टरवाला ‘१०७३’. आज त्यांच्या नकलाही मोठ्या किमतीला विकतात. व्हॉल्व्ह अति झाले की हळूहळू हार मानतो, आवाजाला किंचित ऊब येते. साधा ट्रान्झिस्टर एका मर्यादेपर्यंत निर्मळ चालतो आणि मग लाटेचा माथा विळ्याने छाटावा तसा छाटतो. ही छाटणी काय असते ते मी पाहिले आहे.

१९७६ साली मी एक टेपरेकॉर्डर उसना आणला. एकादशीला घरी भजन होते. अण्णांना म्हटले, “जरा म्हणून दाखवा, काटा लावतो.” अण्णा सहज गुणगुणले. फितीची खरखर झाकावी म्हणून मी काटा चांगला वर लावला. रात्री गजर रंगला, अण्णांनी पांडुरंगाला हाक मारली, काटा लाल रेघेपलीकडे जाऊन आपटला, आणि मी टाळ वाजवीत डोळे मिटून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी फीत लावली तर गुणगुणणे स्वच्छ, आणि हाकेच्या जागी फुटके पत्रे. पुढच्या वर्षी अण्णा गेले. दोष यंत्राचा नव्हता. चाचणी घेताना कोणी देवाला हाक मारीत नसतो, एवढे मला कळायला हवे होते.

म्हणून भाचीला लिहिले ते असे. महागडी पेटी नको. संगणकाला जोडायची दोन मायक्रोफोनची साधी पेटी घ्या. त्यातला प्रीॲम्प या कामाला पुरतो. फितीची खरखर आता राहिली नाही. चोवीस बिटांच्या मुद्रणात आवाज खालच्या पट्टीत घेतला तरी बिघडत नाही. म्हणून कडेलोटाच्या रेघेखाली बारा डेसिबलांची जागा मोकळी ठेवा. कंडेन्सर मायक्रोफोनला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात, ते पेटीच देते. आणि प्रवाह जोराचा आलाच तर तो कमी करणारी ‘पॅड’ नावाची कळ आहे का, तेवढे पाहून घ्या. उरलेल्या पैशांत जाड पडदे आणि सतरंज्या आणा. आणि आजींना आधी पहिले कडवे म्हणायला लावू नका. शेवटचे म्हणायला लावा, तेही उभे राहून, मन भरून. मग बटन फिरवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका.

परवा भाचीचा फोन आला. पेटी आली आहे, रविवारी मुद्रण आहे. आजींनी मला एकच विचारायला सांगितले होते: चर्चमधल्या चारसहा मैत्रिणी येतील, त्यांनी टाळ्या वाजवल्या तर चालेल का?

चालेल म्हणून सांगितले. फक्त त्यांना मायक्रोफोनच्या पाठीमागे, खोलीच्या पार टोकाला बसवा म्हटले.