औटकीची कुळकथा

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही तिची भावंडं. जुन्या शाळांत पंतोजी हे सगळे पाढे मुलांकडून घोकून घेत, कारण बाजारच तसा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे सोळा छटाक. निम्म्याचं निम्मं करत गेलं की हिशेब बसत असे. त्यामुळे पाव, अर्धा आणि पाऊण जिभेवर असल्याशिवाय दुकानाच्या गादीवर बसण्यात अर्थ नव्हता.

हे कूळ बरंच जुनं आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या सम्राट अशोकाच्या रूपनाथ इथल्या शिलालेखात ‘अढतिय’ आणि ‘दियढिय’ हे शब्द आहेत. तेच आपले अडीच आणि दीड. अडीचच्या मुळाशी संस्कृत ‘अर्धतृतीय’ आहे. म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. ‘अर्धचतुर्थ’चं प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झालं आणि मराठीत औट.

हे अपूर्णांक लिहायचेही सुटसुटीत. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून औट लिहायचं ते ३॥ असं. अंश नाही, छेद नाही.

आता उपयोग पाहा. तूरडाळ साडेतीन आणे शेर, हवी अडीच शेर. दोन शेरांचे सात आणे, अर्ध्या शेराचे पावणेदोन; झाले पावणेनऊ. शाळेच्या रीतीने ५/२ गुणिले ७/२, म्हणजे ३५/४. उत्तर तेच, वाट लांबची. साडेतीन हात लांब आणि अडीच हात रुंद जाजमाला चहूबाजूंनी किनार लावायची, तर लांबी-रुंदी मिळून सहा, दुप्पट बारा हात. परिमिती काढून झाली, कागद लागला नाही.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेराच्या जागी किलो आला आणि या पाढ्यांचा बाजारातला आधार सुटला. चार आण्यांची ओळख सांगणारं पंचवीस पैशांचं नाणंही २०११मध्ये चलनातून गेलं. औट आता मुख्यतः ‘औट घटकेचं राज्य’ या वाक्प्रचारात भेटतो. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे हे राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचं.

दशांश पद्धत सोयीची आहे, त्यात वाद नाही. पण पावकिलो भाजी, दीड वाटी तांदूळ आणि सव्वासहाची गाडी अजून आपल्याकडे आहेत. औटकी राहू द्या. निदान पावकी, निमकी आणि पाऊणकी तरी मुलांकडून म्हणून घ्या. अपूर्णांकांची भीती तिथेच निम्मी होते.