मद्यधुंद वाहनचालकांचे खटले : न्यायालयीन नोंद कशी शोधावी

रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागू होते. हा गुन्हा हेल्मेटच्या तालांवाप्रमाणे रस्त्यावर दंड भरून मिटत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते. म्हणूनच त्याची नोंद ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधता येते. तेथे गोवा राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडावे. सोळा अक्षरांकी सीएनआर क्रमांक ठाऊक असल्यास काम क्षणात होते. नसल्यास पक्षकाराचे नाव व वर्ष देऊनही शोधता येते, पण गोव्यात खरी अडचण इथेच येते. नाईक, कामत, गावकर ही आडनावे रोमन लिपीत कधी साध्या, कधी पोर्तुगीज वळणाने लिहिली जातात. सर्व रूपे तपासावीत. उलट, नाव जुळले म्हणून माणूस तोच, असेही नव्हे. नोकरी वा सोयरिकीसाठी चौकशी करणाऱ्यांनी तर पोलीस ठाणे व तारीख अवश्य ताडून पाहावी. ‘प्रलंबित’ खटल्यातील व्यक्ती केवळ आरोपी असते. दोषी ठरली की सुटली, हे निकाल झालेल्या खटल्यातच कळते. प्रमाणित प्रत हवी असल्यास संबंधित न्यायालयात अर्ज करावा. त्रयस्थाला त्यासाठी कारण द्यावे लागते.