मापक, शिडाच्या शर्यतींतील

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरणारी होडी, तिचे शीड, डोलकाठी, सुकाणू आणि खलाशाच्या अंगावरचा पोशाख हे सारे तिच्या वर्गाच्या, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांच्या, नियमांत बसते की नाही, हे मोजून-तपासून पाहणारा अधिकारी. शर्यत वाऱ्याची पारख आणि हातातले कसब यांवर ठरावी, होडीत कोणी केलेल्या फेरफारावर ठरू नये, यासाठी हे पद आहे. बातम्यांत मापकाचे नाव क्वचितच येते. पण त्याच्या कामात कसर राहिली तर साऱ्या निकालावरचा विश्वासच उडतो.

होड्या मोजण्याची गरज शर्यतींइतकीच जुनी. १८५५ साली इंग्लंडमध्ये रॉयल टेम्स यॉट क्लबने जे मापसूत्र आणले, त्यात होडीच्या रुंदीवर भारी आकारणी होती. परिणामी बांधणारे रुंदी कमी करत गेले आणि अरुंद, खोल, तळाशी शिसे भरलेल्या होड्या पाण्यात दिसू लागल्या. मापाचा नियमच होडीला आकार देतो, हे तेव्हा पुरते उघड झाले. १८८७ च्या सुमारास डब्लिनमध्ये ‘वॉटर वॅग’ वर्गाने दुसरी वाट काढली : सगळ्यांच्या होड्या एकाच आराखड्याच्या. १९०६ साली लंडनच्या परिषदेत अनेक देशांनी मिळून एक मापनियम ठरवला आणि १९०७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच १९९६ पासून ‘इंटरनॅशनल सेलिंग फेडरेशन’ आणि २०१५ पासून ‘वर्ल्ड सेलिंग’ या नावाने ओळखली जाते. तिचे ‘इक्विपमेंट रूल्स ऑफ सेलिंग’ हे पुस्तक दर चार वर्षांनी सुधारून निघते आणि मापकाचा सगळा व्यवहार त्यावर चालतो. कोणता बिंदू कुठे धरायचा आणि माप कसे घ्यायचे, हे त्यात सांगितलेले असते. माप किती असावे, हे प्रत्येक वर्गाचे नियम सांगतात.

काम दोन प्रकारचे आहे. होडी किंवा शीड नवे असताना राष्ट्रीय संघटनेने मान्यता दिलेला ‘अधिकृत मापक’ ते मोजतो आणि त्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्र मिळते. स्पर्धेच्या ठिकाणी मात्र आयोजकांनी नेमलेला ‘उपकरण निरीक्षक’ असतो. तो सगळे पुन्हा मोजत बसत नाही. प्रमाणपत्र व शिक्के जुळतात का, हे पाहतो, शंकास्पद मापे घेतो आणि स्पर्धेत वापरायच्या साहित्यावर वेगळी खूण करतो. त्यामुळे चांगल्या वाऱ्याच्या दिवशी कोणी गुपचूप दुसरे शीड काढू शकत नाही. एकच माणूस ही दोन्ही कामे करू शकतो, पण दोन्हींतली जबाबदारी वेगळी आहे.

शीड मोजणे हे या विद्येतले सर्वांत नाजूक काम. शीड कोरडे असावे लागते आणि सपाट, स्वच्छ जमिनीवर पसरावे लागते. कापड ताणले तर माप वाढते, सैल सोडले तर घटते. म्हणून नियम एवढेच सांगतो, की मापाच्या रेषेला आडव्या येणाऱ्या सुरकुत्या जातील इतकाच ताण द्यावा. नेमका किती, हे हातालाच कळावे लागते. शिडाची मधली रुंदी काढताना वरचे टोक मागच्या खालच्या कोपऱ्यावर आणून शीड दुमडतात. घडी जिथे पडते, तो मागच्या कडेचा मध्यबिंदू. तिथून पुढच्या कडेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर म्हणजे मधली रुंदी. त्यासाठी फीत एका बिंदूवर धरून दुसरे टोक कमानीसारखे फिरवत सर्वांत लहान आकडा शोधावा लागतो. हा मध्यबिंदू मागच्या कडेच्या खोलगट भागात पडला, तर त्या खोलीवर सरळ रेषेचा पूल टाकून तिथून मोजायचे. सर्व मापे बसली की मापक शिडावर शिक्का, सही आणि तारीख टाकतो. नवख्याची चूक बहुधा इथेच होते : आकडा नियमात बसला की तो समाधान मानतो, फीत आणखी फिरवत नाही.

हल, म्हणजे होडीचे धड, मोजताना वजन हा मुख्य मुद्दा. ऑप्टिमिस्ट या मुलांच्या होडीचा हल किमान ३५ किलोंचा असावा लागतो. कमी भरला तर शिशाच्या पट्ट्या पक्क्या बसवून प्रमाणपत्रात त्यांची नोंद करतात. होडी जुनी होते, पाणी पिते, जड होते. मग मालकाला त्या पट्ट्या काढाव्याशा वाटतात. परंतु होडी पुन्हा तोलून नवी नोंद झाल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. उघड्यावर होडी तोलली तर वाऱ्याने काटा हलत राहतो, म्हणून वजन आडोशालाच घेतात.

एकूण वजन बरोबर असले तरी ते होडीत कुठे आहे, हा प्रश्न उरतोच. टोके हलकी आणि मध्य जड ठेवला तर होडी लाटेवर कमी डुलते आणि वेग टिकवते. फिन वर्गात हे रोखण्यासाठी फ्रान्सच्या गिल्बेर लाम्बोली यांनी १९७० च्या दशकात एक चाचणी रूढ केली. हल टांगून त्याला झोका देतात आणि झोक्यांचा वेळ मोजतात. मग टांगण्याची उंची बदलून पुन्हा मोजतात. या दोन वेळांच्या गणितातून गुरुत्वमध्य आणि वजनाचा पसारा कळतो. हल न फोडता त्याच्या पोटातले सांगणारी ही युक्ती मापनशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट म्हणावी लागेल.

खलाशाचा पोशाखही सुटत नाही. ओले कपडे अंगावर वागवले की होडी वाऱ्याविरुद्ध सरळ धरायला मदत होते. यासाठी कपडे व साहित्य मिळून ८ किलोंची मर्यादा आहे. वर्गाचे नियम ती १० किलोंपर्यंत नेऊ शकतात. कपडे पाण्याने चिंब करायचे, मांडणीवर टांगायचे, एक मिनिट निथळू द्यायचे आणि तोलायचे. होडीबाहेर लटकण्यासाठी वापरायच्या ट्रॅपीझच्या पट्ट्याला वेगळी मर्यादा आहे, साधारणपणे २ किलोंची. टोकियो ऑलिंपिकमध्ये आयर्लंडची ‘फॉर्टीनाइनर’ वर्गातली जोडी याच कारणाने दोन शर्यतींतून बाद झाली.

तरीही मापक स्वतः कोणालाच बाद करत नाही, आणि या पदाची खरी शिस्त इथे आहे. होडी नियमात बसत नाही असे स्पर्धेच्या तांत्रिक समितीला आढळले, तर ती निषेध नोंदवते आणि निवाडा निषेध समिती करते. नियमाच्या अर्थाविषयीच शंका असेल, तर निषेध समितीही स्वतः अर्थ लावत नाही. ती तो प्रश्न त्या नियमाचा अर्थ सांगण्याचा अधिकार असलेल्या संस्थेकडे पाठवते आणि आलेले उत्तर तिच्यावर बंधनकारक असते. झीज किंवा मोडतोड यांमुळे माप चुकले आणि त्याचा होडीला फायदा झाला नसेल, तर शिक्षा होत नाही. हाती प्रमाणपत्र असले तरी होडी नियमात ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. २०१३ च्या अमेरिकाज कप या शिडाच्या सामन्याआधी ओरॅकल टीम यूएसए या संघाच्या ४५ फुटी होड्यांत परवानगीशिवाय वजन भरल्याचे उघड झाले, तेव्हाही दोन गुणांची कपात आणि अडीच लाख डॉलरचा दंड आंतरराष्ट्रीय ज्युरीनेच सुनावला. उणे दोनवरून सुरुवात करूनही त्या संघाने सामना ९–८ असा जिंकला.

मापक होण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. नीटनेटका हात, वाचलेला नियम जसाच्या तसा पाळण्याची सवय आणि नोंदींतला काटेकोरपणा लागतो. सुरुवात बहुधा एखाद्या अनुभवी मापकाच्या हाताखाली फीत धरण्यापासून होते. पुढे राष्ट्रीय संघटना मान्यता देते. भारतात ती संघटना म्हणजे १९६० साली स्थापन झालेली यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. त्यापुढची पायरी ‘आंतरराष्ट्रीय मापक’. ही नेमणूक वर्ल्ड सेलिंग करते, ती ठरावीक मुदतीची असते आणि विशिष्ट वर्गांपुरती असते : ऑप्टिमिस्टचा मापक आपोआप ‘४७०’ वर्गाचा मापक होत नाही. या नेमणुकीसाठी चर्चासत्र, परीक्षा आणि मोठ्या स्पर्धांतला अनुभव लागतो. स्वतः बांधलेली, स्वतःच्या मालकीची किंवा जिच्यात आपले हितसंबंध आहेत अशी होडी मोजायला मापकाला सर्वसाधारणपणे मनाई असते. काही शीड बनवणाऱ्या कारखान्यांना मात्र कडक देखरेखीखाली स्वतःच्या शिडांवर प्रमाणशिक्का मारण्याची मुभा मिळते.

महाराष्ट्रात या खेळाचे जुने केंद्र मुंबई. १८४६ पासूनचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब, कुलाब्याचे नौदलाचे प्रशिक्षण केंद्र आणि सैन्यदलाचे यॉटिंग केंद्र इथेच आहेत. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळवले. शिकू पाहणाऱ्याने मुलांच्या ऑप्टिमिस्ट स्पर्धेपासून सुरुवात करावी. होडी लहान, नियम मोजके आणि तपासायला होड्या पुष्कळ असल्यामुळे दोन दिवसांत जेवढा सराव तिथे होतो तेवढा मोठ्या होड्यांवर महिन्यातही होत नाही.