विजेच्या मोटारींचा पहिला बाजार

मोटारगाडीचा इतिहास वर्गात बहुधा एका रांगेत सांगितला जातो. आधी घोडागाडी, मग वाफेची गाडी, त्यानंतर पेट्रोलची आणि आता विजेची. ही रांग लक्षात ठेवायला सोपी आहे, पण खरी नाही. अमेरिकेत १९०० साली ४,१९२ मोटारगाड्या तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथल्या दर तीन नव्या गाड्यांमागे एकीहून अधिक विजेची होती आणि पेट्रोलची गाडी तिसऱ्या क्रमांकावर होती.

मग वीस-पंचवीस वर्षांत विजेची मोटार जवळजवळ नाहीशी कशी झाली? याची दोन तयार उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की पेट्रोलचे तंत्रज्ञान श्रेष्ठ होते म्हणून ते जिंकले. दुसरे असे, की तेल कंपन्यांनी कारस्थान करून विजेची गाडी मारली. त्या काळातला अमेरिकेचा बाजार थोडा बारकाईने पाहिला, तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

दुकानात काय मिळत होते?

आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात विल्यम मॉरिसन याने १८९० च्या सुमारास विजेवर चालणारी गाडी तयार केली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. १८९४ मध्ये फिलाडेल्फियाच्या हेन्री मॉरिस आणि पेड्रो सॅलम यांनी ‘इलेक्ट्रोबॅट’ ही गाडी बनवली. सायकलींचा मोठा कारखानदार अल्बर्ट पोप याने १८९७ मध्ये हार्टफर्ड येथून ‘कोलंबिया’ नावाच्या विजेच्या मोटारी बाजारात आणल्या. क्लीव्हलँडची ‘बेकर’ कंपनी १८९९ ची. त्याशिवाय शिकागोची ‘वुड्स’, इंडियानापोलिसची ‘वेव्हर्ली’, क्लीव्हलँडचीच ‘राउख अँड लँग’, १९०७ पासून ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात टोलेडोची ‘मिलबर्न’ अशी अनेक नावे गिऱ्हाइकासमोर होती. पुढे पेट्रोलच्या मोटारींसाठी प्रसिद्ध झालेल्या स्टुडबेकर कंपनीने १९०२ साली मोटारनिर्मितीची सुरुवात केली, तीही विजेच्या गाडीनेच.

या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्टुडबेकर, राउख अँड लँग, मिलबर्न आणि डेट्रॉइट इलेक्ट्रिक बनवणारी अँडरसन कंपनी हे सगळे मूळचे घोडागाड्या बनवणारे होते. विजेच्या मोटारीत हलणारे भाग थोडे. विद्युत मोटर आणि बॅटरी तयार मिळत. उरते ते उत्तम लाकूडकाम, गाद्या, काचा आणि रंग, आणि त्यात या मंडळींचा हात बसलेला होता. त्यामुळे या गाड्या आतून दिवाणखान्यासारख्या असत. काही बंदिस्त गाड्यांत स्टिअरिंगच्या चाकाऐवजी होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे.

गिऱ्हाइकाला ही गाडी आवडण्याचे कारण केवळ सजावट नव्हते. त्यामागे साधे पदार्थविज्ञान होते. विद्युत मोटर स्थिर असतानाच सर्वांत अधिक जोर लावू शकते. तिला ना क्लच लागतो, ना वारंवार बदलावे लागणारे गिअर. पेट्रोलचे इंजिन मात्र स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. त्याला आधी कोणीतरी फिरवावे लागते. त्या काळी ते काम गाडीच्या पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारून करावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. शिवाय धूर, वास आणि खडखडाट. त्या मानाने विजेच्या गाडीत बसून कळ दाबली की ती निघे. शहरात रुग्णांच्या घरी जाणारे डॉक्टर आणि स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्या स्त्रिया या गाड्यांच्या खास गिऱ्हाइकांत होत्या. पेट्रोलच्या मोटारी घरोघर पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरत असे!

वजनाचा हिशेब

मग अडले कुठे? पहिले उत्तर रसायनशास्त्रात आहे. या गाड्यांत बहुतेक वेळा शिसे-आम्ल बॅटरी असे. हा घट गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधला होता. त्यात शिसे, शिशाचा डायऑक्साइड आणि सल्फ्यूरिक आम्ल यांची अभिक्रिया होऊन वीज मिळते. आता समीकरणावरून वजने काढून पाहू. २०७ ग्रॅम शिसे, २३९ ग्रॅम शिशाचा डायऑक्साइड आणि १९६ ग्रॅम आम्ल, म्हणजे एकूण ६४२ ग्रॅम पदार्थ खर्ची पडतात, तेव्हा बाहेरच्या मंडलातून फक्त दोन मोल इलेक्ट्रॉन जातात. घटाचा विभव सुमारे दोन व्होल्ट धरला, तर एक किलोग्रॅम पदार्थामागे सुमारे १७० वॉट-तास ऊर्जा मिळायला हवी. प्रत्यक्षात पाणी, पेटी आणि जाळ्या यांचे वजन वाढते, आणि सगळा पदार्थ अभिक्रियेत भागही घेत नाही. त्यामुळे त्या काळच्या बॅटरीतून किलोमागे साधारण २० वॉट-तास मिळत.

एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे १२,८०० वॉट-तास ऊर्जा मिळते, म्हणजे सहाशेपटींहून जास्त. अर्थात इंजिन यातली बरीच उष्णता वाया घालवते. त्या काळच्या इंजिनाची कार्यक्षमता दहा टक्के आणि विजेच्या गाडीची सत्तर टक्के धरली, तर चाकांपर्यंत पेट्रोलचे १,२८० आणि बॅटरीचे १४ वॉट-तास पोचतात. तरीही फरक नव्वदपटींचा राहतो.

एवढा मोठा फरक का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहण्यासारखे आहे. बॅटरीला अभिक्रियेत भाग घेणारा प्रत्येक पदार्थ पोटात घेऊन हिंडावे लागते. पेट्रोलची गाडी मात्र अर्धाच शिधा बरोबर नेते. पेट्रोलातले एक प्रातिनिधिक संयुग म्हणजे ऑक्टेन. ११४ ग्रॅम ऑक्टेन जाळायला ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि तो वाटेत हवेतून फुकट मिळतो. म्हणजे इंधनाच्या साडेतीनपट वजनाचा पदार्थ गाडीला वाहावाच लागत नाही.

बॅटऱ्या वाढवून पल्ला वाढवावा म्हटले, तर वजन वाढते आणि ते ओढण्यातच जादा ऊर्जेचा काही भाग खर्च होतो. थॉमस एडिसनने या अडचणीवर दहा वर्षे घालवली. त्याच्या निकेल-लोह बॅटरीची पहिली आवृत्ती गळतीमुळे मागे घ्यावी लागली. सुधारलेली बॅटरी १९०९ मध्ये आली. ती दणकट आणि दीर्घायुषी होती, पण महाग होती आणि कडाक्याच्या थंडीत तिची शक्ती मंदावे. तरीही चांगल्या बॅटरीची डेट्रॉइट इलेक्ट्रिक एका भरण्यात सुमारे १३० किलोमीटर जाऊ शके. शहरातल्या दिवसभराच्या कामाला एवढे पुरेसे होते. म्हणजे केवळ वजनाच्या हिशेबाने या गाडीचा शेवट समजत नाही.

भरायचे कुठे?

दुसरे उत्तर गाडीच्या बाहेर आहे. बॅटरी भरायला दिष्ट प्रवाह लागतो. शहरांत हळूहळू प्रत्यावर्ती प्रवाहाचा पुरवठा वाढत होता. त्याचे दिष्ट प्रवाहात रूपांतर करणारा पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर पीटर कूपर ह्युइट याने १९०२ मध्ये शोधला, आणि श्रीमंतांच्या गाडीखान्यात तो बसूही लागला. पण खेड्यांत वीजच नव्हती. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी साधारण एकातच वीज पोचली होती. पेट्रोल मात्र डब्यात भरून कोणत्याही वाण्याच्या दुकानात ठेवता येई. १९०१ मध्ये टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे प्रचंड तेलसाठा लागला आणि तेलाची टंचाई राहिली नाही.

सोय करता आली नसती असे मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून विजेच्या टॅक्सी धावत होत्या. तळावर रिकामी बॅटरी यंत्राच्या साहाय्याने काढून भरलेली बसवत आणि काही मिनिटांत टॅक्सी पुन्हा रस्त्यावर येई. पण या कंपनीने एकदम अनेक शहरांत पसारा वाढवला, बॅटऱ्यांची निगा नीट राहिली नाही आणि १९०७ मध्ये तिचे दिवाळे निघाले. यात बदनामी झाली ती विजेच्या गाडीची. पुढे हार्टफर्डच्या वीज कंपनीने ट्रकांसाठी अशीच योजना चालवली. ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा आणि बॅटरीच्या वापराचे पैसे मैलांप्रमाणे भरायचे. ही योजना वर्षानुवर्षे व्यवस्थित चालली. उपाय सापडला होता, पण तो देशभर पसरवणारा कोणी नव्हता.

किंमत आणि कळ

तिसरा घटक किमतीचा. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये ८५० डॉलरना आली. १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडण्याची पद्धत सुरू झाली, आणि १९२५ पर्यंत तिची सर्वांत स्वस्त आवृत्ती २६० डॉलरना मिळू लागली. १९१४ च्या सुमारास डेट्रॉइट इलेक्ट्रिकची किंमत मात्र अडीच हजार डॉलरांच्या पुढे होती. घोडागाडीवाल्यांच्या कारागिरीचा हा दुसरा पैलू. जे कौशल्य त्यांचे भांडवल होते, त्यानेच गाडी महाग ठेवली. १९१४ हे डेट्रॉइट इलेक्ट्रिकचे भरभराटीचे वर्ष. त्या वर्षी तिच्या साडेचार हजारांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या. त्याच वर्षी फोर्डने दोन लाखांहून अधिक गाड्या बनवल्या.

शेवटचा घाव मोठा गमतीदार आहे. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवण्यात आला. हँडल मारणे संपले. हा स्टार्टर म्हणजे काय? एक छोटी विद्युत मोटर आणि एक शिसे-आम्ल बॅटरी. विजेच्या गाडीचा सर्वांत मोठा गुण पेट्रोलच्या गाडीने असा उसना घेतला, आणि तोही बॅटरीचे फारसे ओझे न वाहता. कारण तिला ती बॅटरी क्षणभरच वापरायची होती.

त्यानंतर एकेक नाव पुसले गेले. बेकर आणि राउख अँड लँग १९१५ मध्ये एकत्र आल्या. मिलबर्नचा कारखाना १९२३ मध्ये जनरल मोटर्सने घेतला. डेट्रॉइट इलेक्ट्रिक मागणीनुसार थोड्या गाड्या बनवत १९३९ पर्यंत तग धरून राहिली. तोपर्यंत तिच्या एकूण सुमारे तेरा हजार गाड्या झाल्या होत्या.

त्याच बाजारात, नव्वद वर्षांनी

१९९० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने नियम केला, की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या तिथल्या विक्रीत दोन टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. पुढे हा नियम सैल करण्यात आला. पण त्याच काळात, १९९६ मध्ये, जनरल मोटर्सची ‘ईव्ही-१’ आली. ती विकत मिळत नसे, फक्त भाड्याने मिळे. एकूण १,११७ गाड्या बनल्या. नंतर कंपनीने त्या परत घेतल्या आणि बहुतेक मोडून टाकल्या. यावरून कारस्थानाचा संशय पुष्कळांनी घेतला, आणि कंपनीच्या हेतूंवर वाद जरूर घालता येईल. पण हिशेब पाहा. पहिल्या ईव्ही-१ मध्ये पुन्हा शिसे-आम्ल बॅटरीच होती. तिचे वजन ५०० किलोंहून अधिक होते आणि तिच्यात मावणारी ऊर्जा दोन लिटर पेट्रोलाहून कमी होती. नव्वद वर्षांत गाडी बदलली, पण शिशाचा अणुभार २०७ च राहिला.

हे कोडे सुटू लागले ते ७ अणुभाराच्या लिथियममुळे. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये सोनी कंपनीने कॅमेऱ्यासारख्या छोट्या उपकरणांसाठी बाजारात आणला. २००८ च्या टेस्ला रोडस्टर मोटारीत असेच छोटे घट हजारोंनी जोडलेले होते. २०१० च्या अखेरीस निस्सान लीफ अमेरिकेत विक्रीला आली आणि त्या बाजारात विजेच्या मोटारींची नावे पुन्हा वाढू लागली. लिथियम-आयन घटांचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेट्रोलशी तुलना केली तर आजही बॅटरी जडच आहे. पण अंतर पूर्वीइतके उरलेले नाही, आणि तोवर घरोघर वीज पोचली आहे.

हा इतिहास वर्गात न्यायचा असेल, तर विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एक गट १९१२ सालच्या क्लीव्हलँडमधला डॉक्टर, दुसरा गावापासून वीस मैलांवर राहणारा शेतकरी. पैसे, रस्ता, रोजचे अंतर आणि वीज यांची माहिती देऊन दोघांनाही गाडी निवडायला सांगावी. डॉक्टर विजेची घेईल, शेतकरी पेट्रोलची, आणि दोघांचेही बरोबर असेल. त्या देशात असे शेतकरी डॉक्टरांपेक्षा फार जास्त होते, एवढेच. आज आपल्या गावात कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न निघाला, तर हेच चार रकाने फळ्यावर मांडून आपल्याकडचे आकडे मुलांनाच गोळा करायला सांगावेत.