एका खांबाची तीन घरे

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आमच्या शाळेची सहल निघते. पहाटे तीनला सिरसाळ्याहून एसटी सुटते. बीड, गेवराई मागे टाकत दिवस वर येईपर्यंत मुले छत्रपती संभाजीनगरजवळ पोहोचतात. मग दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, पाणचक्की हा ठरलेला फेरा. वर्षानुवर्षे मी तो करत आलो आहे. तरी काही वर्षांपूर्वी दौलताबादच्या किल्ल्यात सातवीतल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

किल्ल्यात शिरल्यावर चांद मिनारच्या समोरच्या बाजूला एक मोठी वास्तू आहे. आत मोकळे प्रशस्त अंगण आणि पश्चिमेला खांबांची रांगच रांग. लोक त्याला भारतमाता मंदिर म्हणतात. आत भारतमातेची मूर्ती आहे, येणारे-जाणारे हात जोडतात. मुलगा वर घुमट बघत होता. म्हणाला, "सर, हे मंदिर हाय का मशीद?"

त्याच्या शेजारी उर्दू माध्यमाची एक मुलगी उभी होती. तिनेही माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "चला, रांगेत चला, वर अजून खूप चढायचंय."

मित्रहो, शिक्षकाने उत्तर टाळले की मुलांना ते लगेच कळते. त्या दिवशी बालेकिल्ल्यापर्यंत तो मुलगा एक शब्द बोलला नाही.

उत्तर मला येत नव्हते असे नाही. देवगिरी ही यादवांची राजधानी. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने तिच्यावर स्वारी केली. पुढे त्याचा मुलगा कुतबुद्दीन मुबारक खिलजी याने यादवांचे राज्य पुरते संपवले आणि १३१८ साली ही जामा मशीद उभी राहिली. दख्खनमधल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी ही एक. तिचे खांब मात्र मशिदीसाठी घडवलेले नाहीत. ते आधीच्या मंदिरांचे आहेत. खांबांवरचे नक्षीकाम नीट पाहिले तर कुणालाही ते कळते. जिंकणाऱ्याला आपली सत्ता दाखवायची होती आणि घडवलेला दगड हाताशी होता. मंदिरे मोडल्याशिवाय ते खांब तिथे आले नाहीत. मुसलमान म्हणून हे लिहिताना मला जड जाते, पण इतिहासाचा शिक्षक म्हणून ते झाकायचा मला हक्क नाही.

नंतर सहाशेहून अधिक वर्षे गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर त्याच मशिदीत भारतमातेची मूर्ती बसली. हेही तितकेच खरे, आणि तेही झाकायचे कारण नाही.

अशा इमारती फक्त आपल्याकडेच आहेत असे मला वाटायचे. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो नोकरीसाठी परदेशात आहे, स्पेनमधल्या कुर्तुब्याचे, म्हणजे कॉर्डोबाचे, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. उर्दू शिकवणाऱ्याला कुर्तुबा नवे नाही. इक्बाल १९३३ साली तिथे गेले होते आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही त्यांची नज्म आम्ही कॉलेजात वाचलेली. पण फोटो पाहून मी चमकलो. लाल-पांढऱ्या कमानींच्या त्या जंगलात मधोमध एक अख्खे कॅथेड्रल उभे आहे! आठव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या अब्दुर्रहमानने ही मशीद बांधायला घेतली. १२३६ साली ख्रिस्ती राजाने शहर घेतले आणि मशिदीचे चर्च झाले. मधले कॅथेड्रल सोळाव्या शतकातले. आणि मशिदीचे कितीतरी खांब? ते रोमन आणि व्हिसिगॉथ काळातल्या पडलेल्या, पाडलेल्या इमारतींतून आणलेले. म्हणजे दौलताबादसारखीच गोष्ट.

इस्तंबूलच्या आयासोफियाची कथा उलट्या दिशेने जाते. इ.स. ५३७ मध्ये ते चर्च म्हणून पूर्ण झाले, १४५३ मध्ये उस्मानी सुलतानाने शहर जिंकल्यावर मशीद झाले, तुर्की प्रजासत्ताकाने विसाव्या शतकात तिथे संग्रहालय केले आणि २०२० मध्ये ती पुन्हा मशीद झाली. कुर्तुब्यासाठी हळहळणारा माझा समाज आयासोफियाच्या वेळी मिठाई वाटतो. हे दोन्ही एकाच तोंडाने कसे चालेल, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. ज्यांना दौलताबादचे १३१८ आठवते आणि १९४८ नंतरचे आठवत नाही, त्यांनीही तो स्वतःला विचारावा.

सहलीनंतरच्या सोमवारी मी वर्गात गेलो आणि फळ्यावर खडूने एक खांब काढला. त्याखाली तीन ओळी लिहिल्या: मंदिर, मशीद, भारतमाता मंदिर. पुढे जमेल तसे सन लिहिले. म्हणालो, "परवा मी उत्तर दिलं नव्हतं. आज देतो." सगळे सांगितले, मोडल्याचेही आणि बदलल्याचेही. वर्गात दोन्हीकडची मुले होती. कुणी रडले नाही, कुणी भांडले नाही. मला वाटत होती ती भीती माझीच होती, मुलांची नव्हती.

शेवटी त्यांना एक शब्द समजावला. 'इमारत' आणि 'उम्र' हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूपासून आले आहेत. जगणे, वस्ती करणे, आबाद होणे असे त्या धातूचे अर्थ. मराठीने आणि उर्दूने हा शब्द सारखाच घेतला. माणसाचे वय विचारतो तसे इमारतीचेही विचारावे. आत्ता ती कुणाच्या ताब्यात आहे, एवढेच विचारून थांबू नये.

तेव्हा त्या मुलाने पुन्हा हात वर केला. "सर, पण खांब घडवला कुणी?"

मी म्हणालो, "पाथरवटाने. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही."

"मग फळ्यावर त्याला सगळ्यात वर लिहा की."

मी लिहिले. आता दरवर्षी सहलीला निघण्याआधी मी तो फळा काढतो, आणि दौलताबादच्या त्या अंगणात मुलांना आधी पाच मिनिटे नुसते खांब बघायला लावतो.